मागे बसणाऱ्याची बाजू

दसरा उजाडला की आमच्या मलकापुरात झेंडूचे हार घातलेल्या मोटारसायकली दिसू लागतात, आणि पाडव्यापर्यंत त्यांची रीघ संपत नाही. टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मालक ओळखीच्या दारात उभा! मी शाळामास्तर, त्यामुळे पेढे मला बरेच मिळतात. क्वचित पेढ्याआधी सल्लाही विचारला जातो. दसऱ्याच्या आधी एका जुन्या विद्यार्थ्याच्या बापाने मला शाळेच्या फाटकाशी गाठले.

“मास्तर, पोरगं गाडी मागतंय. कंची घ्यावी?”

“गाडी कशासाठी हवी आहे?”

“बांबवड्याला कामाला लागलंय. रोजची ये-जा. सकाळी डेअरीला दूध घालायचं असतंय. शिवाय त्याच्या आईचं गुडघं गेल्यात. म्हैन्यातनं दोनदा तिला कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागतंय.”

“आणि मुलाच्या मनात कोणती आहे?”

त्याने खिशातून मोबाईल काढून चित्र दाखवले. पुढून टोळासारखी, टाकी बैलाच्या वशिंडासारखी फुगलेली, मागचा भाग आभाळाकडे उचललेला. आणि त्या उचललेल्या टोकावर, देवघरातल्या पाटाएवढा, काळा उतरता तुकडा. तीच मागची सीट.

“यावर त्याची आई बसणार कशी?” मी विचारले.

तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. हा प्रश्न त्याच्या घरात कोणाला सुचलाच नव्हता. तो घरोघरी सुचत नाही, म्हणून मी लेखणी हाती घेतली आहे.

कोणी म्हणेल, कादंबऱ्या लिहिणाऱ्याने मोटारसायकलीत कशाला तोंड घालावे? त्यातून मी जुन्या भाषेत मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर, इंजिनियर नव्हे. ही टीका मला मान्य आहे. पण आमच्या शाहूवाडी तालुक्यात मोटारसायकल ही आता यंत्राची गोष्ट उरलेली नाही. ती घरची बैलगाडी झाली आहे. दूध तिच्यावरून जाते, पेंडीचे पोते तिच्यावरून येते, बाळंतीण माहेराहून तिच्यावर येते आणि आजारी माणूस दवाखान्यात तिच्यावरूनच पोहोचतो. एवढी मोठी वस्तू घरात यायची, आणि तिची निवड मात्र घरातल्या एकट्या पुरुषाने आरशात मिशा पाहत करायची, हा प्रकार मला सोसवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रोजच्या कामाची मोटारसायकल घेताना पहिली परीक्षा मागच्या सीटची घ्यावी, इंजिनाची नंतर. जी गाडी आईला, बायकोला, पोराला सुखरूप नेत नाही, ती इतर बाबतींत कितीही सरस असो, आमच्या कामाची नव्हे.

हे शहाणपण नवे नाही. १९७२ साली लूना आली, ती इनमीन ५० सीसीची. पण तिच्यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी संसार वाहिले. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ साली स्प्लेंडर. या दोन्ही गाड्यांचे इंजिन शंभर सीसीच्या आतले. सीट लांब, सपाट, एकसंध. साखळीवर पुरते झाकण. दिसायला साध्या, पण मागे माणूस बसणार आहे, हे त्या घडवणाऱ्याला ठाऊक होते. मग वारे फिरले. २००१ साली पल्सर आली, तेव्हा तिच्या जाहिरातीने गाडी ‘निःसंशय पुरुष’ असल्याची द्वाही फिरवली. त्या पहिल्या पल्सरची सीट तरी एकसंध होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण गाडीला एकदा पुरुष ठरवल्यावर बाईची जागा आकसत जाणार, हे ओघानेच आले. पुढच्या काळात तरुणांसाठी म्हणून निघालेल्या अनेक गाड्यांची सीट दुभंगली, मागचा तुकडा वर चढला, आणि साखळी उघडी पडली.

ही उंच शेपटी आली कोठून? शर्यतीच्या गाडीवरून. शर्यतीत स्वार पुढे टाकीवर ओणवा होतो. त्याच्या मागे कोणी बसायचेच नसते, म्हणून मागचा भाग हलका आणि वर उचललेला. तेथे ते योग्यच आहे. पण तीच आकृती उचलून मलकापूरच्या रस्त्यावर आणली म्हणजे काय होते? साठ किलोचे माणूस जेवढे उंच बसेल, तेवढा गाडीचा तोल नाजूक. ब्रेक दाबला की ते उतरत्या सीटवरून चालवणाऱ्याच्या पाठीवर घसरते. गाडी उचलली की मागे रेलते, आणि धरायला नीट दांडी नसते. लुगडे नेसून एका अंगाला बसणाऱ्या बाईची गोष्ट तर बोलायलाच नको.

आणि आमचा रस्ता कसला? कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे हे गाव, पुढे आंब्याचा घाट. पावसाळ्यात चार महिने धुके, चिखल आणि घसरण. मधूनमधून न रंगवलेले गतिरोधक. अशा रस्त्यावर शंभर ते सव्वाशे सीसीची, शंभर-सव्वाशे किलोची गाडी चिखलातून एकटा माणूस ओढून काढतो. साडेतीनशे सीसीची बुलेट दोनशे किलोच्या आसपास जाते. ती खड्ड्यात कलंडली की चार माणसांना हाक मारावी लागते. उघडी साखळी चिखल खाते आणि लवकर झिजते; झाकलेली टिकते, आणि पदरही गिळत नाही.

माझे हे बोलणे कोणाला कल्पनेचे वाटेल. तसे असते तर बरे झाले असते. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका कादंबरीचे मानधन हाती आले. आयुष्यात प्रथमच एकरकमी पैसे पाहिले, आणि चाळिशी उलटलेल्या या मास्तराने तशीच उंच शेपटीची गाडी आणली. बायको पहिल्या दिवशी म्हणाली, “अहो, ही घोड्यावर बसल्यासारखी वाटते.” मी हसलो. जुलैत आम्ही एका लग्नाहून परतत होतो. पाऊस लागला होता. गतिरोधक मला दिसला नाही. गाडी उडाली, सावरली, आणि मी पुढे निघालो. पन्नास पावले गेल्यावर मागून कोणीतरी ओरडले, म्हणून थांबलो. बायको रस्त्यात बसली होती. मनगट मोडले होते.

प्लॅस्टर घालून घरी आल्यावर ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मी पडले, हे तुम्हाला दुसऱ्यानं सांगितल्यावर कळलं.”

गाडीत दोष होता असे मी म्हणत नाही. चालवणारा मी, आणि निवडणाराही मीच. दुकानात मी इंजिन ऐकले, वेग विचारला, रंग तीनदा बदलला. तिला एकदाही मागे बसवून पाहिले नाही.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. तरुण म्हणतात, “मास्तर, आम्ही हौस करू नये काय?” जरूर करावी. एकट्याची गाडी, एकट्याच्या पैशाची, मोकळ्या रस्त्यावर सांभाळून चालवावी. माझे काही मागणे नाही. पण बापाने म्हैस विकून, घरच्या कामासाठी म्हणून घेतलेली गाडी ही हौसेची वस्तू नव्हे. तिथे हौस एकाची आणि हप्ते सगळ्यांचे, हा हिशेब खोटा आहे. पेट्रोलचाही हिशेब करा. दिवसाला चाळीस किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर हजार किलोमीटर होतात. लिटरला साठ किलोमीटर देणाऱ्या गाडीला सुमारे सतरा लिटर लागते, पस्तीस देणारीला साडेअठ्ठावीस. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला अकराशे-बाराशे रुपये, वर्षाला तेरा-चौदा हजार, नुसत्या शेपटीच्या मोहात धुरावाटे जातात.

पण केवळ ‘ॲव्हरेज’ विचारणाऱ्या बापांचीही मी गय करणार नाही. हे गृहस्थ गाडी लहान घेतात, आणि तिच्यावर बायको, दोन पोरे आणि दुधाची किटली एकदम चढवतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसवण्याची मुभा देते. कलम १२९ हेल्मेट सांगते, ते मागे बसणाऱ्यालाही. आमच्याकडे हेल्मेट एकच असते, ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर, आणि पुष्कळदा तेही आरशाला अडकवलेले! २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हा आकडा वाचूनही मागच्या डोक्याची किंमत शून्य धरणाऱ्याला काटकसरी कोण म्हणेल?

कायद्याला मागच्या माणसाची आठवण आहे, हेही पाहा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निदान अर्धे झाकणारे आडोशाचे साधन हवे. पण गाडी घरी येताच आमचे वीर पहिले काम करतात ते ही जाळी काढून फेकण्याचे; का, तर ‘लुक’ जातो! ज्या जाळीने आईचे लुगडे वाचायचे, तिची मुलाला लाज वाटते.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा आहे. “मग स्कूटरच का नको?” गावात आणि बाजारात ती उत्तम, बसायला खाली, पायाला फळी, आणि बाईला स्वतःला चालवायला सोपी. मागे बसणारी उद्या पुढे बसली तर माझा निम्मा लेख फुकट जाईल, आणि मला आनंदच होईल. पण तिची चाके दहा-बारा इंची. आमच्या वाड्यावस्त्यांच्या खड्ड्यांत मोटारसायकलीचे सतरा-अठरा इंची चाक अधिक सुखाने उतरते. म्हणून वाडीवरच्या घराला मी अजून मोटारसायकलच सांगतो.

गेल्या वर्षी वर्गात मी विषय दिला होता, ‘आमच्या घरची गाडी’. मुलांनी झोकात मोटारसायकली काढल्या. बहुतेकांवर एकच स्वार होता. एका मुलीच्या चित्रात मात्र चालवणारा लहान होता, आणि मागे बसलेली बाई मोठी, दोन्ही हातांनी दांडी धरून. प्रमाण चुकले होते. मी ते दुरुस्त करायला सांगितले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाचलेल्या पैशात ‘एक पायरी वरची गाडी घ्या’ असे दुकानदार सांगेल. त्याचे ऐकू नका. त्या पैशात दुसरे हेल्मेट घ्या. आणि गाडी ठरवायला जाल तेव्हा घरातल्या बाईला बरोबर न्या, नेहमीच्या लुगड्यात. तिला मागे बसवा. तिचे पाय टेकतात का, हात कोठे पुरतो, पदर कोठे जातो, ते पाहा. एका गतिरोधकावरून सावकाश फेरी मारा. मग गाडी कशी आहे ते तिला विचारा, आणि तिचे उत्तर शेवटचे माना.

त्या बापाला मी हेच सांगितले. तो म्हणाला, “तिला न्यायचं? दुकानात?” आणि विचार करीत गेला. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पाडवा तोंडावर असेल. त्याच्या घरचा पेढा अजून मला आलेला नाही. मी वाट पाहत आहे.