लेक द्यावी असे गाव

वऱ्हाडात सोयरीक ठरताना मुलाच्या आधी गाव पाहिले जाते. मुलीकडची मंडळी चहा घेता घेता शेती किती, भाऊ किती हे विचारतात. तेवढ्यात त्यांच्यातली एखादी आत्या किंवा मावशी हळूच उठून घराच्या मागच्या अंगाला जाते. तिला रांजण पाहायचा असतो, नळ पाहायचा असतो आणि त्या नळाला कितव्या दिवशी पाणी येते हे शेजारणीकडून काढून घ्यायचे असते. एसटी गावात थांबते की फाट्यावर, शाळा कितवीपर्यंत आहे, अडल्या बाळंतिणीला कुठे न्यावे लागते, रात्री लाइट किती वेळ जाते, ही सगळी माहिती ती अर्ध्या तासात गोळा करते. "पोरगी देऊ, पण गावात पाणी हाय का बाप्पा?" या एका प्रश्नावर कित्येक सोयरिकी जुळल्या आहेत आणि मोडल्याही आहेत. गाव राहण्याजोगे आहे का, याची इतकी कसून पारख दुसरे कोणी करत नाही.

सरकारनेही ही पारख करून पाहिली. केंद्राने २०१८ मध्ये देशातल्या १११ शहरांची, तिथे राहणे किती सुखाचे आहे यानुसार क्रमवारी लावली. पुणे पहिले आले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. त्याच वर्षी नीती आयोगाची आणखी एक यादी आली, आकांक्षित जिल्ह्यांची. तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी यांत मागे राहिलेल्या जिल्ह्यांना हात देण्यासाठी ती यादी होती आणि हेतू चांगलाच होता. पण एकदा जिल्ह्यावर मागासपणाचा शिक्का बसला की त्यात राहायला सर्वांत चांगले गाव कोणते, हा प्रश्न विचारायचेच लोक सोडून देतात. पुण्याच्या बाबतीत कोथरूड बरे की औंध, यावर तासभर वाद होतो. वाशिमच्या बाबतीत एवढेच विचारले जाते, "तिथून बदली कधी?"

राहायला सर्वांत चांगले गाव कोणते, हा प्रश्न विचारला तर काय होते, हे आयर्लंडमधल्या एका गोष्टीवरून कळते. 'आयरिश टाइम्स' या दैनिकाने २०१२ मध्ये देशातले राहण्यासाठी सर्वांत चांगले ठिकाण शोधायचे ठरवले आणि वाचकांकडून नावे मागवली. जिंकले ते मेयो परगण्यातले वेस्टपोर्ट. राजधानी डब्लिन नव्हे, मेयोच्या मुख्यालयाचे कॅसलबारही नव्हे; जेमतेम सहा हजार वस्तीचे, समुद्राकाठचे छोटे गाव. त्या देशात १९५८ पासून नीटनेटक्या गावांची स्पर्धा चालते आणि वेस्टपोर्टने तीही तीनदा जिंकली होती. तिथून अकिल बेटाकडे जाणारी जुनी रेल्वे बंद पडली, पण तिची वाट कायमची वाया गेली नाही. आज त्याच वाटेवर ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे आणि तो पाहायला जगभरातून लोक येतात.

मग वाशिम जिल्ह्यातले वेस्टपोर्ट कोणते?

पहिला मान अर्थातच वाशिमचा. या शहराच्या बाजूने सर्वांत जुनी साक्ष हजाराहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे वत्सगुल्म. सर्वसेनाने ही शाखा स्थापली आणि याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही लेणी खोदली गेली. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली, तेव्हा काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न त्याने लावले ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. या नगराला त्याने मदनाचे क्रीडास्थान म्हटले. काव्याचे बिऱ्हाड मांडायला एखाद्या कवीने आपल्या गावाची निवड करावी, हे भाग्य किती शहरांच्या वाट्याला येते? इंग्रजांच्या काळात वाशिम जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात विलीन केला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. त्र्याण्णव वर्षे प्रत्येक कामासाठी अकोल्याची वाट तुडवलेल्या लोकांना जिल्हाधिकारी कार्यालय गावात येण्याचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. आता रेल्वे आहे, बालाजीचे देखणे मंदिर आहे आणि २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. अडचण नळाची. एकबुर्जी प्रकल्प भरला तर शहर निवांत झोपते. नाही भरला तर उन्हाळाभर टँकरच्या मागे धावते.

मनाने कौल द्यायचा तर अनेक जण कारंजा लाडचे नाव घेतील आणि त्यांना चूक म्हणणे कठीण आहे. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस: चार दिशांना जाणाऱ्या वाटांची नावे या गावाने आपल्या वेशींना देऊन ठेवली आहेत. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मगाव, त्यामुळे दत्तभक्तांची रीघ बाराही महिने असते. जैन मंदिरे आणि त्यांतले हस्तलिखितांचे भांडार हे तर विद्वानांचे तीर्थ. गाव इतके श्रीमंत होते की १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ते लुटले, तेव्हा लूट वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवे लागली, असे इतिहासात नोंदलेले आहे. एका सावकाराने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली, ही गोष्ट कारंज्याची म्हातारी माणसे आजही सांगतात. आता समृद्धी महामार्गामुळे कारंज्याहून नागपूर काही तासांवर आले आहे. पण याच गावातून शकुंतला रेल्वे धावत असे, मूर्तिजापूर ते यवतमाळ, अरुंद रुळांवरून डुलत, कापसाच्या गाठी आणि गरिबांचे संसार घेऊन. ती थांबली. ती रुंद रुळांवर पुन्हा धावावी ही लोकांची मागणी रास्त आहे. वेस्टपोर्टने रुळांच्या वाटेचे निदान काहीतरी केले. कारंज्याच्या वाट्याला अजून वाट पाहणेच आहे.

रिसोड पैनगंगेच्या खोऱ्यातले, बाजारपेठेचे, कष्टाळू. मंगरुळपीरला दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांची यात्रा एकाच गावात नांदतात. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी बंजारा समाजाची काशी. तिथले विरासत संग्रहालय २०२४ मध्ये खुले झाले. मालेगाव महामार्गावर आहे, पण रस्त्यालगत इतक्या वेगाने वाढले की त्याला अजून स्वतःचा चेहरा सापडायचा आहे.

या सगळ्या नावांत मेडशी कुठेच येत नाही. ते तालुक्याचे गाव नाही, तीर्थ नाही, राजधानी तर कधीच नव्हते. पण जिल्ह्यात शंभरातली ब्याऐंशी माणसे खेड्यात राहतात, हे २०११ च्या जनगणनेने सांगून ठेवले आहे. मग चांगले गाव पाच-सहा शहरांतच का शोधायचे?

अकोल्याहून वाशिमकडे निघाले की पातूर मागे पडते आणि रस्ता घाट चढू लागतो. जुने वऱ्हाडी लोक खालच्या मुलखाला पयनघाट म्हणत आणि वरच्याला बालाघाट. घाट संपला की सागाचे रान दाटते, हवा बदलते आणि मेडशी येते. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, वाशिम साडेपाचशेच्या आसपास. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा घाटावरची माणसे रात्री अंगणात बाज टाकून झोपू शकतात. उन्हाळ्यातली शांत झोप हे केवढे सुख आहे, ते अकोल्यात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला विचारावे. मेडशीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, वनपरिक्षेत्राचे कार्यालय आहे, आसपासच्या खेड्यांना पुरेल अशी बाजारपेठ आहे. काटेपूर्णा अभयारण्य लांब नाही. राष्ट्रीय महामार्ग १६१ गावावरून जातो. त्याच्या चौपदरीकरणाचे कामही अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशिम असे टप्पे पाडूनच निघाले. म्हणजे रस्ता बांधणाऱ्यांनाही मेडशी हाच सांधा वाटला. अकोल्याचे मोठे दवाखाने आणि वाशिमची कचेरी, दोन्ही तासाभराच्या वाटेवर. शहराची सोय हाताशी आणि शहराचा उकाडा, भाडे, गर्दी मात्र घाटाखाली. राहण्यासाठी याहून चांगली जागा जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

तरीही माणसे तिथे राहायला येत नाहीत, उलट निघून जातात. त्याचे कारण समजून घ्यायला या पठाराचे पाणी पाहावे लागते. वाशिमचे पठार हा पाणलोटाचा कणा आहे. काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला घाट उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीवाटे अरबी समुद्रात जाते. त्याच पठारावरून निघालेल्या अडाण आणि पूस दक्षिणेला वळतात, पैनगंगा आणि वर्धेवाटे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातात. पाऊस इथे पडतो, पण पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. काटेपूर्णेचे पाणी महानच्या धरणात अडते आणि अकोला शहर ते पिते.

माणसांचेही तसेच झाले आहे. जिल्ह्यातल्या अशा कुठल्याही गावात सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचनंतर फाट्यावर उभे राहावे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, नर्स, बँकेतले कर्मचारी सकाळी मोटारसायकलवर किंवा एसटीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. याला सगळीकडे एकच शब्द आहे: अपडाऊन. रस्ता चांगला झाला तशी ही वर्दळ वाढली. खड्ड्यांचा रस्ता होता तेव्हा नाइलाजाने का होईना, गुरुजी गावात खोली घेत. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चार पोरे अंकगणित सोडवत बसत. आज संध्याकाळी सातला गावात ना शिकवणारा असतो, ना सुई टोचणारा.

मुख्यालयी राहण्याचा नियम आहे. शिक्षकाला घरभाडे भत्ता हवा असेल तर तो गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो. त्यावरून दर वर्षी कुठे ना कुठे भांडण होते, निवेदने दिली जातात आणि शेवटी कागद जुळवले जातात. पण नुसता नियम दाखवून माणूस गावात राहत नाही. त्याची बाजूही ऐकायला हवी. भाड्याची खोली मिळते ती शेतमालाच्या कोठीशेजारची. संडास-न्हाणी बाहेर, सामायिक. तरुण नर्सने रात्री कंदील घेऊन परसात जायचे का? नवराबायको दोघेही नोकरीला आणि दोघांच्या नेमणुका वेगवेगळ्या गावांत असतील तर बिऱ्हाड कुणाच्या गावी मांडायचे? मुलगा अकरावीला विज्ञान घेतो म्हटले की घराने शहर गाठायचे हे ठरलेलेच. यातले काहीही आळसापोटी घडत नाही.

आणि ते बदलता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमधून एके काळी माणसे रोजगारासाठी बाहेर पडत. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, गावाने डोंगरउतारावर चर खोदले, पाणी जमिनीत मुरवले, उसाला आणि बोअरवेलच्या उपशाला आवर घातला. पाणी थांबले आणि त्यामागोमाग माणसे परतली. शहरात गेलेली कुटुंबे शेती करायला गावी आली. त्या गावाच्या कौतुकात पाझर तलावांची संख्या सांगितली जाते, पण त्याचे खरे यश परत आलेल्या बिऱ्हाडांत आहे.

आपल्याकडे गावांना बक्षिसे कमी नाहीत. संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान २००० पासून आहे. आर. आर. पाटलांच्या नावाने सुंदर गाव पुरस्कार आहे. त्यात स्वच्छता, व्यवस्थापन, दायित्व, अपारंपरिक ऊर्जा व पर्यावरण, पारदर्शकता व तंत्रज्ञान अशा पाच शीर्षकांखाली शंभर गुण दिले जातात. हे सगळे मोजायलाच हवे. पण गावात नोकरी करणाऱ्यांपैकी किती जण गावात राहतात, या प्रश्नाला त्यात स्वतंत्र शीर्षक नाही. वाशिम जिल्ह्याने तो आपल्यापुरता जोडावा. गुरुजींची मुले गुरुजींच्याच शाळेत शिकतात त्या गावाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. ज्या गावातून चाळिशीतली पिढी बाहेर पडते त्याचे कमी करावेत.

मेडशीसारख्या गावाला यासाठी मोठी योजना लागत नाही. गावात महामार्गालगत नवी दुकाने, धाबे, गाळे उभे राहत आहेत. त्याच हिमतीने दहा-पंधरा बिऱ्हाडांच्या खोल्या उभ्या राहिल्या तरी पुरे: दोन खोल्या, आत संडास-न्हाणी, वर टाकी, दाराला चांगली कडी. ग्रामपंचायतीच्या जागेवर बांधल्या तर भाडे गावाच्याच खात्यात येईल. सोबत सायंकाळी उघडी राहणारी एक अभ्यासिका, आणि नळाला एक दिवसाआड का होईना, पण ठरलेल्या वेळी पाणी. पहिली खोली नर्सबाईंना द्यावी. रात्री अकरा वाजता घाटावरच्या एखाद्या वाडीतून बाळंतीण बैलगाडीत किंवा जीपमध्ये निघाली की तिच्या सासूला माहीत असले पाहिजे, मेडशीला दिवा लागलेला आहे आणि बाई घरीच आहेत.