दहा वाजताची भूक



रोवणी आटोपली, की आमच्या सानगडीच्या दवाखान्यात पायांच्या चिखल्या, कंबरदुखी आणि तापाचे रुग्ण वाढतात. श्रावणातल्या अशाच एका गर्दीच्या सकाळी एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. चार एकर धानाची शेती असलेले हे कुटुंब माझ्या चांगल्या परिचयाचे. मुलगा अभियंता झाला, बँकेचे कर्ज काढून पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि बावीस महिन्यांनी प्रथमच सुटीवर आला होता. जाण्यापूर्वी मीच त्याची तपासणी केली होती. तेव्हाचे वजन नोंदीत होते ६६ किलो. त्या दिवशी काटा ५४ वर थांबला.

थकवा, तोंडात वारंवार येणारे फोड, केस गळणे आणि पायांच्या तळव्यांना मुंग्या, अशा त्याच्या तक्रारी होत्या. क्षयरोग, मधुमेह आणि थायरॉइड यांची शंका घेणे माझे कामच होते. त्या तपासण्या निर्दोष आल्या. मात्र ब-१२ आणि ड ही दोन्ही जीवनसत्त्वे फारच कमी होती आणि हिमोग्लोबिनही घटले होते. मुलगा आजारी नव्हता. तो उपाशी होता.

"फोनवर रोज विचारत होतो जी, जेवलास का म्हणून," आई म्हणाली. "तो रोज 'हो' म्हणे."

मुलाला एकट्याला बसवून मी त्याचा दिवस विचारला. सकाळी कॉफी. दुपारी जॅम लावलेला पाव. रात्री बहुधा पाकिटातल्या शेवया, कधी तेही नाही. भात का नाही, या प्रश्नावर तो ओशाळून हसला. पहिल्याच आठवड्यात त्याने दुकानातून आखूड दाण्याचा तांदूळ आणला. तो तिथे दुधात शिजवून गोड खिरीसाठी वापरतात, हे त्याला ठाऊक नव्हते. पातेल्यात चिकट गोळा झाला आणि धानाच्या जिल्ह्यातल्या या मुलाने भात शिजवणेच सोडून दिले. दर महिन्याला जेवणातून किती युरो वाचवायचे, याचे मात्र त्याच्याकडे चोख गणित होते. त्या बचतीतून तो कर्जाचे व्याज फेडत होता आणि उरलेल्यातून स्वस्त रात्रबसने प्राग, व्हिएन्ना, पॅरिस पाहून आला होता. आयफेल मनोऱ्यासमोरचे त्याचे छायाचित्र आईच्या फोनवर मीही पाहिले. जाड जाकिटाच्या आत वजन किती उतरले आहे, ते कोणाला दिसणार?

मी थोडा रागावलो. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, बाबासाहेब पापड खाऊन शिकले. मला तर पाव मिळत होता."

या वाक्याने मी निरुत्तर झालो. आजचा लेख त्या वाक्याला माझे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

लंडनमधील पापड

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी भंडारा जिल्ह्याचे एक विशेष नाते आहे. १९५४ साली त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. त्या निवडणुकीत ते पराभूत झाले, ही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील बोचरी नोंद आहे. त्यांच्या विद्यार्थिदशेच्या कथा मात्र आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जातात.

१९१६ साली ते लंडनला गेले, पण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी शिरलेले बाबासाहेब सायंकाळी ते बंद होईतो वाचत बसत. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्या दिवसांतील आहाराचे वर्णन आहे. न्याहारीला पावाचा तुकडा, थोडा जॅम, माशाचा लहानसा तुकडा आणि एक पेला गरम पेय. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. सायंकाळी पुन्हा पेय आणि बिस्किटे. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य होई. एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून, चार पापड आणि पेलाभर दूध यांवर ते पुढची रात्र वाचनात काढीत.

ही कथा ऐकताना ऊर भरून येतो आणि यावाच. पण तिचा उरलेला अर्धा भाग आपण मुलांना सांगत नाही. ती उपासमार बाबासाहेबांनी निवडलेली नव्हती. ती त्यांच्यावर लादली गेली होती. मदत मागण्यात त्यांनी कमीपणाही मानला नाही. नवल भथेना या मित्राकडून त्यांनी कर्ज घेतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना साहाय्य केले आणि १९२१ साली लंडनहून महाराजांना पत्र लिहून त्यांनी आणखी रक्कम उसनी मागितली. जो माणूस मित्राला आणि राजाला मोकळेपणाने आपली अडचण लिहितो, त्याच्या नावावर आपल्या मुलांनी आपली भूक आईपासून लपवावी, हे त्या चरित्राचे चुकीचे वाचन आहे. आपली मुले उपाशी राहून शिकावीत यासाठी त्यांनी ते दिवस काढले नव्हते.

शरीर हिशेब कसा ठेवते

पोट मारून केलेली बचत बँकेत दिसते. तिची किंमत शरीर वेगळ्या वहीत लिहून ठेवते. ब-१२ जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतूनच नैसर्गिकरीत्या मिळते. यकृतातील त्याचा साठा निरोगी माणसाला काही वर्षे पुरू शकतो. पण आपल्याकडील अनेक मुले घरून निघतात तेव्हाच तो साठा अपुरा असतो. मग पाव आणि शेवयांवर दीड-दोन वर्षे गेली, की तळव्यांना मुंग्या येतात, विसराळूपणा वाढतो, जिभेची आग होते. उपचाराला फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही. अभ्यासासाठी घेतलेले कर्ज फेडताना अभ्यासाचे साधन असलेला मेंदूच गहाण पडतो.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट सूर्याशी निगडित आहे. भंडारा २१ अक्षांशावर, तर बर्लिन ५२ अक्षांशाच्याही उत्तरेस आहे. तेथे साधारण ऑक्टोबर ते मार्च ऊन इतके तिरपे येते, की त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला तर त्यासाठी जास्त ऊन लागते. हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारते. 'मन लागत नाही' या तक्रारीमागे एकटेपणा असतो, थंडी असते आणि रिकामे पोटही असते. या तिघांना वेगळे करणे डॉक्टरलाही सोपे नसते.

निघण्यापूर्वी

व्हिसा, तिकीट आणि बॅगेचे वजन यांत घरातले सगळे गुंतलेले असतात. त्याच धावपळीत तीन गोष्टींसाठी वेळ काढावा.

पहिली, तपासणी. हिमोग्लोबिन, साखर, ब-१२ आणि ड यांची तपासणी निघण्यापूर्वी दोन महिने करावी, म्हणजे कमतरता येथेच भरून काढता येते. दात दाखवून घ्यावेत; तिकडे दातांचा खर्च मोठा असतो. ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटांच्या पुड्या मनाने सोबत देऊ नयेत. तिकडच्या गोळ्या आणि इकडच्या पुड्या मिळून मात्रा जास्त झाली, तर तीही अपाय करते. नेहमीची औषधे असतील तर औषधाच्या मूळ नावासह इंग्रजी चिठ्ठी द्यावी. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी प्रतिजैविके जर्मनीत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

दुसरी, सामान. युरोपीय संघात बाहेरील देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेव्हा आजीचे साजूक तूप आणि खव्याचे पेढे घरीच राहू द्यावेत. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्त्यासारखी पाने यांनाही बहुतांशी प्रमाणपत्र लागते. मसाले, हळद, जवसाची कोरडी चटणी, पोहे, पापड यांची सहसा अडचण येत नाही. कुकर द्यायचाच तर लहान आणि इंडक्शन शेगडीवर चालणारा द्यावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, स्वयंपाक. मुलगा असो वा मुलगी, निघण्यापूर्वी महिनाभर रात्रीचे एक जेवण त्याने किंवा तिने एकट्याने करावे. वरण-भात, खिचडी, अंड्याची भुर्जी, एक रसभाजी, पोहे. एवढे पाच पदार्थ हाताला बसले, की उपासमारीचे निम्मे कारण संपते. अभियांत्रिकीत पहिला आलेला मुलगा कुकरच्या शिट्टीला घाबरत असेल, तर त्याची तयारी अपुरी आहे असे समजावे.

तेथे गेल्यावर

जर्मनीतील बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या दरातली भोजनालये असतात. त्यांना तेथे 'मेन्झा' म्हणतात आणि शाकाहारी ताटही सहसा मिळते. दुपारचे एक गरम जेवण तेथेच करावे. दूध, दही, अंडी, मसूर, डबाबंद राजमा आणि छोले, गोठवलेला पालक आणि वाटाणे, ओट्स या वस्तू साध्या स्वस्त दुकानांतही मिळतात. भातासाठी लांब दाण्याचा तांदूळ घ्यावा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरावे. नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित असते. बाटल्यांवर खर्च नको. शक्य असेल तेथे दोघा-तिघांनी मिळून रांधावे. एकट्यासाठी चूल पेटवण्याचा कंटाळा येतो. सोबत कोणी असले की जेवण होते.

प्रवासाला माझी मुळीच हरकत नाही. विशीतल्या मुलाने जग पाहावेच. मात्र रात्रबसमध्ये अवघडून बसून, केवळ बिस्किटांवर दोन दिवस काढून पाहिलेले शहर नीट पाहिले असे मला वाटत नाही. उकडलेली अंडी, पोळीची गुंडाळी, दोन फळे आणि भरलेली पाण्याची बाटली सोबत असावी. बस थांबेल तेथे उतरून चार पावले चालावे. विम्याचे कार्ड जवळ ठेवावे आणि ते शेजारच्या देशात चालते की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो. जर्मनीत रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल, पण प्रसंग प्राणावरचा नसेल, तर ११६११७ वर फोन करावा.

प्रश्न बदलू या

आता पालकांसाठी एक गोष्ट. ती आई रोज रात्री नऊला, कामे आवरल्यावर फोन करीत असे. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार वाजलेले असत. दुपारचा पाव पोटात गेलेला असे, रात्रीची वेळ यायची असे. 'जेवलास का?' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर अगदी खोटेही नव्हते. भूक लागे ती रात्री दहाला. तेव्हा सानगडीत मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजलेले असत आणि विचारणारे सगळे झोपलेले असत.

म्हणून 'जेवलास का' ऐवजी 'आज काय शिजवलेस?' असे विचारावे. या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येत नाही. महिन्यातून एकदा वजन विचारावे. आणि कर्जाविषयी बोलताना एक वाक्य स्पष्ट उच्चारावे, की हप्ता आपण मिळून पाहू, तू जेवणातून वाचवू नकोस. हे वाक्य वडिलांनी बोललेले अधिक बरे. अनेक घरांत मुलगा आईला भूक सांगेल, पण वडिलांना पैशाची अडचण सांगणार नाही.

त्या मुलाला इंजेक्शने आणि गोळ्या सुरू केल्या. सुटीचे पाच आठवडे उरले होते. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "आणखी काय द्यावं याला, डॉक्टरसाहेब?" मी म्हणालो, चूल द्या. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा स्वयंपाक मुलगा करू लागला. पहिल्या दिवशीचे वरण करपले आणि सगळ्यांनी ते खाल्ले, असे आई सांगत होती. जाताना वजन ५८ किलो होते. मुंग्या कमी झाल्या होत्या, पूर्ण गेल्या नव्हत्या. त्यांना वेळ लागेल, हे मी त्याला सांगितले आहे आणि तीन महिन्यांनी तेथेच पुन्हा रक्त तपासण्यास बजावले आहे.

त्याच्या सामानात आईने उडदाच्या पापडांचे एक पाकीट ठेवलेच. मी अडवले नाही. पापड जेवणाच्या ताटात तोंडी लावायला असावा, एवढेच त्याला म्हणालो.