ठेका चुकला, तर सांगायचं!



या आठवड्याच्या टपालात पंचवटीहून सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. ‘नाव छापू नका’ असं त्यानं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. त्याच्या वर्गमित्राच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. लहानपणीच मुंबईला ऑपरेशन करून ते बुजवलं. आता तो सगळ्यांसारखा हुंदडतो. पण गेल्या महिन्यात खो-खो संपल्यावर स्वस्थ बसला असताना त्याच्या छातीत एकदम धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मित्रानं बजावलंय, ‘कुणाला सांगितलंस तर माझी शपथ! घरी कळलं तर खेळणं बंद.’ आणि आपल्या दोस्ताचा प्रश्न आहे : काका, शपथ मोडू का?

त्याला उत्तर त्याच दिवशी टाकलंय. पण असा पेच तुमच्यापैकी कुणालाही पडू शकतो. म्हणून आज याच विषयावर गप्पा मारू.

नाशिक ढोल ऐकलाय ना? ताशेवाला ठेका धरतो आणि ढोलवाले त्यावर ठोके टाकतात. ताशाचा आवाज मागे पोचलाच नाही तर? सगळा गोंधळ! हृदयाचंही तसंच आहे. त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. तो आपला ताशेवाला. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. हा पुंजका विजेचा अगदी सूक्ष्म इशारा देतो. इशारा वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मधल्या चौकीवर क्षणभर थांबतो आणि मग तारेसारख्या धाग्यांवरून खालच्या दोन कप्प्यांत जातो. कप्पे आकसतात, रक्त पुढे ढकललं जातं. असे दिवसाला साधारण एक लाख ठोके!

आता अडचण बघा. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल, तर ही ‘तार’ बहुधा भोकाच्या काठाजवळूनच जाते. डॉक्टर टाके घालताना फार जपतात. तरी कधी तिथे सूज येते, कधी तारेला इजा होते. मग वरचा इशारा खाली पोचत नाही आणि ठोके फार मंदावतात. पुष्कळदा आठ-दहा दिवसांत सूज उतरते आणि गाडी रुळावर येते. नाहीच आली, तर पेसमेकर बसवतात. म्हणजे ठेका धरून देणारं छोटंसं यंत्र.

या यंत्राची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९५७ साली अमेरिकेत मिनियापोलिसला डॉ. लिलहाय लहान मुलांची हृदयाची ऑपरेशनं करत. ठोके मंदावले, तर बारीक तार हृदयाला जोडून बाहेरच्या यंत्रानं ठेका देत. पण यंत्र चालायचं घरच्या विजेवर! ३१ ऑक्टोबरला शहराची वीज गेली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी यंत्रदुरुस्ती करणाऱ्या अर्ल बाकन यांना गाठलं. बाकन गॅरेजमध्ये काम करत. त्यांना एका मासिकातला नकाशा आठवला. तो होता मेट्रोनोमचा, म्हणजे संगीताच्या सरावात ताल मोजून देणाऱ्या यंत्राचा! त्यावरून त्यांनी काही आठवड्यांतच बॅटरीवर चालणारी, अंगावर बाळगता येईल अशी पेटी तयार केली. ताल देणारं यंत्र असं हृदयाच्या कामी आलं.

दुसरा प्रकार उशिरा उपटतो. टाक्यांच्या जागी व्रण राहतो. व्रणातून वीज जात नाही, ती वळसा घालून जाते. पण गोदेच्या पुरातल्या भोवऱ्यासारखी ती कधी कधी व्रणाभोवती फिरतच राहते आणि ठोके एकदम धावत सुटतात. ऑपरेशनला कित्येक वर्षं उलटल्यावरसुद्धा असं होऊ शकतं. डॉक्टर ईसीजी काढतात, चोवीस तास ठोके टिपणारं होल्टर यंत्र अंगावर लावतात. मग औषध देतात, किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून भोवऱ्याची जागाच बंद करतात. म्हणजे यावर उपाय आहे. पण सांगितलं तर!

प्रत्येक धडधड काही आजार नसतो हं. धावल्यावर, परीक्षेच्या आधी सगळ्यांचंच काळीज धडधडतं. पण शांत बसलेलं असताना अचानक ठोके पळू लागले, चक्कर आली, खेळताना कुणी बेशुद्ध पडलं, तर ताबडतोब मोठ्यांना सांगायचं. बेशुद्ध पडलेला शुद्धीवर येत नसेल, तर १०८ क्रमांकावर फोन करायचा.

तेव्हा दोस्ता, ही शपथ मोडायचीच. मात्र पाठीमागे चुगली करू नकोस. मित्राला म्हण, ‘चल, दोघं मिळून तुझ्या आईला सांगू.’ आणि हे आजच कर. तो तयार झाला नाही, तर तू एकट्यानं सांग. तो चार दिवस रुसेल, रुसू दे.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मूल ठणठणीत दिसतंय म्हणून पुढची तपासणी चुकवू नका. ऑपरेशनची फाइल जपून ठेवा. शाळेतल्या आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांना ऑपरेशन झाल्याचं जरूर सांगा. ही तपासणी ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, तो २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. आणि काय खेळायचं, किती खेळायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. भीतीपोटी मुलाला कोपऱ्यात बसवू नका. खेळ बंद होईल या धास्तीनंच तर मुलं दुखणं लपवतात!

पंचवटीच्या दोस्ताचं पुढचं पत्र अजून यायचंय. मी रोज टपालाची वाट बघतोय. आलं की तुम्हालाही कळवीनच.

तुमचा,
डॉक्टरकाका