बिलामागचे इंजिनिअरिंग ओळखा

दिनांक २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. तयार कपड्यांवर पूर्वी नगामागे एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के आहे. सरकारी कागदावर हा बदल एका ओळीचा. पण नांदेडच्या इतवाऱ्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत जेथे जेथे कपड्याचे बिल कॉम्प्युटरवर निघते, तेथे तो सॉफ्टवेअरमध्ये उतरवावा लागला. हे काम कोणाचे, त्यात कष्ट किती आणि त्याचे दाम का मोजावे, याचा विचार आमचे व्यापारी बंधू क्वचितच करतात. ‘भाच्याला कॉम्प्युटर येतो, तो करून देईल,’ एवढ्यावर आपण समाधान मानतो. ही समजूत आता सोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रोग्राम लिहिता येणे म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जड भिंतींची घरे कोसळली आणि हजारो माणसे त्याखाली गेली. त्या भिंती रचणाऱ्या गवंड्यांच्या हातात हुनर नव्हता असे नाही. भूकंपाचा हिशेब त्या बांधणीत धरलेला नव्हता. भार किती, धोका कोणता, उद्या काय बदलेल, हे आधी पाहून मग बांधणे म्हणजे इंजिनिअरिंग होय.

सॉफ्टवेअरलाही हीच शिस्त हवी, ही गोष्ट जगाच्या ध्यानात आली ती १९६८ साली. कामे रखडत होती, खर्च हाताबाहेर जात होता आणि तरीही चुका निघत होत्या. म्हणून जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने तज्ज्ञांची परिषद भरली आणि तेथून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव रूढ झाले. आपल्या राज्यात पुण्याला १९८१ मध्ये टाटांचे संशोधन केंद्र निघाले. त्याने या विषयात मोठे काम केले.

या विद्येची मुख्य अंगे पाच. कपड्याच्या बिलावरूनच ती समजून घेऊ.

पहिले अंग म्हणजे गरज ठरविणे. समजा, करापूर्वी २७०० रुपये किमतीच्या शेरवानीवर दुकानदाराने बिलातच ३०० रुपये सूट दिली. कराची मर्यादा २७०० ला लावायची की २४०० ला? सूट वजा जाता उरते ती किंमत धरायची. म्हणून २४०० वर ५ टक्के, म्हणजे १२० रुपये कर. हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोणी सांगितले नाही आणि त्याने २७०० पाहून १८ टक्के लावले, तर कर होतो ४३२ रुपये. एका नगामागे ३१२ रुपयांचा फरक! एवढ्या फरकाने गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. यात दोष लिहिणाऱ्याचा जेवढा, तेवढाच न सांगणाऱ्याचा.

दुसरे अंग आराखड्याचे. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी खडूने आखून घेतो, तसेच हे. कराचा दर प्रोग्राममध्ये दहा ठिकाणी लिहिला, तर बदलताना एखादी जागा राहून जाणारच. जाणता माणूस दर आणि तो लागू झाल्याची तारीख एकाच तक्त्यात ठेवतो. ऑगस्टमध्ये विकलेला कपडा ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याचा हिशेब जुन्याच दराने करायचा असतो, तोही मग आपोआप बरोबर येतो.

तिसरे अंग प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिण्याचे. लोकांना दिसते ते एवढेच.

चौथे अंग तपासणी. तपासणारा २४९९, २५०० आणि २५०१ अशा तिन्ही किमती घालून पाहतो. कायद्यातील ‘पर्यंत’ या शब्दात २५०० येतात. प्रोग्राममध्ये ‘पेक्षा कमी’ असे लिहिले गेले, तर नेमक्या त्याच किमतीवर चूक होते. आपल्याच हाताची चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून तपासणारा माणूस शक्यतो दुसरा असावा.

पाचवे अंग देखभाल. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, २०२५ मध्ये दर बदलले, पुढेही बदलतील. सॉफ्टवेअर एकदा घेतले की संपले, असे होत नाही. शिवाय कोणता बदल कधी व का केला याची नोंद ठेवणे आणि वेळ, माणसे व खर्च यांचा मेळ घालणे, ही कामे आरंभापासून अखेरपर्यंत चालूच असतात.

यावरून आमच्या बंधूंना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, सॉफ्टवेअर करून घेण्याआधी आपल्या धंद्याची रीत आपल्याच शब्दांत कागदावर लिहा: सूट कशी देता, उधारी कशी मांडता, परत आलेल्या मालाचे काय करता. मग तपासणीसाठी आपलीच जुनी बिले द्या आणि देखभालीचा करार लेखी करा. काम भाचा करणार असला तरी या तीन गोष्टी सोडू नका.

दुसरी गोष्ट मुलामुलींची. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंघजी इंजिनिअरिंग संस्था १९८१ पासून आहे, लातूरलाही इंजिनिअरिंग कॉलेज व सरकारी तंत्रनिकेतन आहे. म्हणजे शिक्षण दारात आले आहे. परंतु आपण मुलांना केवळ प्रोग्राम लिहायला शिकवणाऱ्या क्लासला घालतो आणि थांबतो. आज प्रोग्राम लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत. गिऱ्हाइकाला काय हवे ते समजून घेणे आणि झालेले काम पारखणे, यासाठी मात्र जाणता माणूसच लागतो. जो मुलगा वडिलांच्या गल्ल्यावर बसून उधारीची वही वाचायला शिकला, जी मुलगी घरच्या शिलाईच्या मशीनवर मापातली चूक पकडते, त्यांच्याजवळ या विद्येचे अर्धे भांडवल आधीच आहे. उरलेले अर्धे शिक्षणाने मिळते. ते त्यांना मिळवून देणे आपले काम आहे.