मास्तर होण्याच्या आडवाटा : कोणती पोचवते, कोणती अडकवते?



बारावीचा निकाल लागला की वरवट बकालसारख्या गावात एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "सर, मास्तर व्हायचं आहे, पण लवकर अन् कमी खर्चात कसं होता येईल?" विचारणाऱ्याला हसू नका. संग्रामपूर तालुक्यात शिकलेल्या पोराला डोळ्यांसमोर दिसणाऱ्या नोकऱ्या मोजक्याच, आणि त्यात मास्तरकी अजूनही मानाची. फी भरायला घरची कपाशी विकावी लागते. म्हणूनच कोणती वाट कुठे जाते, हे पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे.

सरळ रस्ता कोणता?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 23 ऑगस्ट 2010 ला किमान पात्रता ठरवून दिली. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका (पूर्वीचे डी.एड., आताचे डी.एल.एड.) आणि शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर 2013 मध्ये झाली. 150 पैकी 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. त्यापुढे पवित्र पोर्टल आणि 200 गुणांची अभियोग्यता चाचणी. एवढं सगळं पार करून नेमणूक मिळाली तरी सुरुवात शिक्षणसेवक म्हणूनच. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 पर्यंत महिना 6,000 रुपये होतं, तेव्हा ते 16,000 झालं.

रस्ता एवढा लांब, तर माणूस आडवाट शोधणारच. आणि मित्रांनो, या आडवाटा बहुतेक वेळा सरकारनेच पाडलेल्या आहेत.

वस्तीशाळेची वाट

2000 च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा सुरू झाल्या. जिथे जवळपास शाळा नव्हती, तिथल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींना स्वयंसेवक म्हणून नेमलं गेलं. मानधन सुरुवातीला महिना 1,000 रुपये. हातात प्रशिक्षणाचा कागद नव्हता, पण पोरांची भाषा येत होती, घरं माहीत होती, कोणतं पोरगं ढोरामागे गेलं हे ठाऊक होतं. पुढे या निमशिक्षकांनी शिकवता शिकवताच डी.एड. केलं. 2014 मध्ये त्यांना नियमित सेवेत घेण्याचा निर्णय झाला. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलनं करावी लागली, हे विसरू नका.

माझ्या मते आडवाट कशी असावी याचं हे उदाहरण आहे. आधी वर्ग, मग सोबत प्रशिक्षण, शेवटी प्रमाणपत्र. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या वस्त्यांत बाहेरचा शिक्षक फार काळ टिकत नाही, तिथे स्थानिक माणूस घडवणं हाच टिकाऊ उपाय आहे. मात्र दहा-बारा वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबवून घेणं हा त्या वाटेचा दोष होता, आणि तो पुन्हा होता कामा नये.

ज्या वाटा मध्येच अडल्या

पहिली, बी.एड.वाल्यांची. 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं. अट एकच : नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायचा. हजारोंनी त्या भरवशावर तयारी केली. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं, बी.एड. त्याची जागा घेऊ शकत नाही. आधी नेमणूक झालेल्यांना नंतर काही अटींवर संरक्षण मिळालं, पण रांगेत उभे असलेले बाहेर पडले.

निकालातला मुद्दा मला पटतो. पहिलीच्या पोराला 'क' आणि काना शिकवणं हे दहावीला बीजगणित शिकवण्यापेक्षा सोपं काम नाही, उलट जास्त कौशल्याचं आहे. पण पाच वर्षं दार उघडं ठेवून ते अचानक लावलं, त्याची किंमत पोरांनी का मोजायची?

दुसरी, एनआयओएसची. 2017 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. अप्रशिक्षित कार्यरत शिक्षकांना 31 मार्च 2019 पर्यंतची मुदत मिळाली आणि 18 महिन्यांचं डी.एल.एड. 'स्वयम्'वरून सुरू झालं. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही असं म्हटलं. डिसेंबर 2024 मध्ये खुलासा झाला की 10 ऑगस्ट 2017 रोजी सेवेत असलेल्या आणि मुदतीत पदविका मिळवलेल्यांची ती ग्राह्य धरावी. म्हणजे सरकारनेच दिलेला कागद खरा की खोटा, हे कळायला शिक्षकाला कोर्टाकडे डोळे लावून बसावं लागलं.

आणि एक चोरवाट. 2019 च्या टीईटीत गैरप्रकार केल्याबद्दल 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या वाटेबद्दल जास्त लिहायची गरज नाही. पैसा गेला, नाव गेलं, आणि प्रामाणिक उमेदवारांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

मग आडवाटा बंदच कराव्यात का?

मुळीच नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने 1980 च्या दशकात पदवीधरांना अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली शिकवत शिकवत प्रमाणपत्र मिळवायची सोय केली. आपल्याकडेही 1989 ला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नोकरी करणाऱ्या शिक्षकांना दूरशिक्षणाने बी.एड. करायची संधी दिली. वाट वेगळी असणं वाईट नाही. खरा प्रश्न हा आहे की त्या वाटेवर वर्ग किती लागतो? नियमित बी.एड.मध्ये 20 आठवडे शाळेत काढावे लागतात. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसं शिकवणंही वर्गात उतरल्याशिवाय येत नाही. म्हणून 'हजेरी लावू नका, पदवी घरपोच' असं सांगणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा.

माझं म्हणणं दोनच ओळींचं आहे. आडवाट सुरू करताना ती कोणत्या इयत्तेपर्यंत आणि किती वर्षं चालेल, हे सरकारने लेखी सांगावं. आणि त्या वाटेने आलेल्या प्रत्येकाला निदान एक वर्ष अनुभवी शिक्षकाची सोबत द्यावी.

तुम्ही प्रवेश घेण्यापूर्वी एवढं तपासा

1. कॉलेजला आणि त्या अभ्यासक्रमाला एनसीटीईची मान्यता आहे का? कागद मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका.
2. तुम्हाला शिकवायचं कोणाला आहे? पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., माध्यमिकसाठी बी.एड. आधी हे ठरवा, मग फी भरा.
3. प्रत्यक्ष शाळेत किती आठवडे पाठवतात?
4. टीईटीला पर्याय समजू नका. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितलं आहे.
5. शंका असेल तर बुलढाण्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, जाऊन विचारा. एका दिवसाच्या खेपेने दोन वर्षं वाचू शकतात.

मित्रांनो, शॉर्टकटची चूक मास्तरला नोकरीत भोवते, पण पोराला आयुष्यभर भोवते. तिसरीत वाचता न आलेलं पोरगं कोणत्या कोर्टात जाणार? वाट कोणतीही धरा, लांबची किंवा जवळची, पण वर्गात उभे राहाल तेव्हा शिकवता आलं पाहिजे.