दवाखान्याची किर्द गावापुढं आली पाहिजे



वनहक्काचे दावे भरताना आपण एक गोष्ट शिकलो. नुसतं 'जमीन आमची' म्हणून भागत नाही. कागद मागावा लागतो, वाचावा लागतो. तीच नजर आता सरकारी दवाखान्याकडं वळवायची आहे.

पावसाळ्यात पाड्यांवर ताप येतो. दवाखान्यात गेलं की चिठ्ठी हातात देतात, औषध बाहेरून घ्या. वरून पैसाच नाही म्हणे! पण २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्याच्या नियमानं प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला २५ हजार अबंधित निधी, ५० हजार देखभालीला आणि रुग्ण कल्याण समितीला १ लाख, असे पावणेदोन लाख तेव्हा ठरले होते. उपकेंद्राचे १० हजार वेगळे होते.

पैसा संपला की वर उपयोगिता प्रमाणपत्र जातं. रक्कम, सही, शिक्का. साहेबाला तेवढं पुरतं. सरकारी हिशोब रोखीचा असतो, पैसा बाहेर गेला की खर्च झाला. गोळ्या पाड्यावर पोचल्या की मुदत संपून कपाटात पडल्या, हे त्यात दिसतच नाही. मार्चअखेर घाईनं घेतलेल्या खुर्च्या त्या कागदावर नियमातच बसतात. जुलैत सर्पदंशाचं इंजेक्शन नव्हतं, त्याची ओळ कुठंच नसते.

म्हणून एक कागद मागून उपयोग नाही. रोख किर्द, औषधांचं साठा रजिस्टर आणि समितीच्या बैठकांचं इतिवृत्त, तिन्ही शेजारी ठेवून बघायचं. किर्दीत गाडीचं डिझेल लिहिलंय, तर त्या तारखेला कोणाला आणलं? ती बाळंतीण आपल्याच पाड्यावरची, तिला विचारता येतं. तालुक्याला बसून तपासणाऱ्याला हे जमणार नाही.

नर्सबाईवर आपला राग नाही. सुई तिनंच टोचायची आणि हिशोबही तिनंच लिहायचा. निधीच उशिरा आला असेल तर किर्दीतली तारीख ते सांगेल, मग जाब जिल्ह्याला विचारू.

१९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामपंचायतीला खर्चाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. दवाखान्याला का नको? ही मागणी आपण लावून धरणार आहोत.

तोवर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकलांचा खर्च झेपत नसेल तर 'रजिस्टर समक्ष पाहायचं आहे' असं लिहा. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. जाताना दोन लिहिणारी पोरं न्या, आणि पाड्यावरची दाईही. कोण कधी बाळंत झाली, ते तिला पाठ असतं.