तिळाच्या गल्लीवरचा जकातनाका

अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ ही बालकांची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिच्या आरंभी मुलांच्या आवाजात एक साधे गीत ऐकू येई. चाल जो रापोझो यांची. शब्दरचना रापोझो, जॉन स्टोन व ब्रूस हार्ट यांची. गीतात एका गल्लीची वाट विचारली जाते. अलीबाबाच्या गुहेचे दार उघडणाऱ्या तिळाच्या मंत्रावरून त्या गल्लीचे नाव आले.

ही गल्ली धनिकांच्या उपनगरातली नव्हती. न्यूयॉर्कमधील हार्लेमसारख्या वस्त्यांच्या धर्तीवर तिची उभारणी झाली. ज्यांच्या आईबापांना बालवाडी परवडत नव्हती, अशा मुलांपर्यंत अक्षरे व अंक पोहोचवणे हा तिचा हेतू. त्यासाठी उभ्या राहिलेल्या सुमारे ८० लाख डॉलर्सपैकी जवळपास निम्मे सरकारी तिजोरीतून, म्हणजेच जनतेच्या करांतून आले होते. गीताचे खरे मालक कोण, हे यावरून उघड व्हावे.

या वाटेवर पहिला अडसर घातला तो वर्णद्वेषाने. गोरी आणि कृष्णवर्णीय माणसे एकाच गल्लीत नांदताना दिसतात, म्हणून १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी आयोगाने मालिका दाखविण्याचे नाकारले. वृत्त बाहेर फुटले, टीकेचा भडिमार झाला आणि काही आठवड्यांतच आयोगाला माघार घ्यावी लागली.

दुसरा अडसर बाजाराने घातला. तो सभ्य वेषात आला, म्हणून त्याविरुद्ध तसा उठाव झाला नाही. २०१५ मध्ये एचबीओशी करार झाला आणि २०१६ पासून नवे भाग आधी वर्गणीदारांच्या घरी व नऊ महिन्यांनंतर सार्वजनिक वाहिनीवर दिसू लागले. गरिबाच्या मुलासाठी निर्मिलेली वस्तू गरिबाच्याच मुलाला शिळी करून वाढायची! निर्मात्या संस्थेला पैशाची चणचण होती, कराराने अधिक भाग निघू शकले, असे समर्थन केले जाते. चणचण खरी होती. परंतु बालशिक्षणाची तूट भरून काढणे हे शासनाचे कर्तव्य, की सावकाराचे?

२०२५ मध्ये नेटफ्लिक्सशी नवा करार झाला. त्यानुसार नवे भाग सार्वजनिक वाहिनीवरही त्याच दिवशी मिळण्याची सोय झाली. हे स्वागतार्हच. पण त्याच वर्षी जुलैत अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे १.१ अब्ज डॉलर्सचा मंजूर निधी रद्द केला. एका हाताने सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने जिथे ती मिळावी ते केंद्रच उपाशी मारायचे, असा हा न्याय आहे.

कंपनीची सवलत कराराच्या मुदतीपुरती असते. हक्काला मुदत नसते. मूल वाट विचारते तेव्हा ती मोकळी ठेवण्याचे दायित्व समाजाचे असते. समाजाने ते झटकले, की वाटेवर जकातनाका उभा राहतो आणि जकात भरू न शकणारी मुले नाक्याबाहेरच राहतात.